फ्लोटप्लेन शिकायचंय? मग सिम्युलेटरवर काय करायचं आणि पाण्यावर काय, ते आधी ठरवा

गेल्या आठवड्यात सांगलीहून भाच्याचा फोन. पठ्ठ्या सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन, करतोय, आणि डोक्यात मालदीवची फ्लोटप्लेन, म्हणजे चाकांऐवजी तरंगणारे फ्लोट लावून पाण्यावर उतरणारी विमानं. म्हणाला, "मामा, सिमवर बीव्हर विमानाचे दोनशे तास झाले माझे. कॅनडात आलो की फ्लोट रेटिंग दोन दिवसांत उरकेल ना?" मला हसू आलं कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच बोललो होतो, फक्त माझे सिमचे तास साडेतीनशे होते आणि पहिल्याच दिवशी मी विमान डॉकवर, म्हणजे धक्क्यावर, असं काही नेऊन आदळलं की अजून आठवलं तरी कान गरम होतात. ते सांगतोच पुढे. त्याला फोनवर समजावता समजावता तास गेला, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढू, अजून कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधीच सांगतो, मी इन्स्ट्रक्टर नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात राहतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर, विमान ही हौस. सिमच्या विरोधातही नाही, रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास बसतोच.

मुद्दा एवढाच आहे की फ्लोटप्लेन हवेत असताना साधं विमानच असतं, थोडं जड, थोडं आळशी, खाली दोन मोठे डबे लटकलेले. अवघड जे काही आहे ते पाण्यावर आहे, म्हणजे टेकऑफच्या आधी आणि लँडिंगच्या नंतर, जेव्हा ते विमान नसून बिनब्रेकची होडी असतं. आणि सिम नेमकं हवेत चांगलं आणि पाण्यावर कच्चं. त्यामुळे जे डोक्यात बसवायचं ते सिमवर बसवा, जे हातापायात आणि बुडाखाली बसायला हवं त्यासाठी पैसे राखून ठेवा.

पायरी १: कागदपत्रांचं बघून घ्या

लँडचं, म्हणजे जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं, लायसन आधीच आहे असं धरतो. कॅनडात सीप्लेन रेटिंगला (तेच फ्लोट रेटिंग, लायसनला पाण्याची जोड) एकूण ७ तासांचं ट्रेनिंग लागतं, त्यातले किमान ५ तास इन्स्ट्रक्टरसोबत, शिवाय विमानात एकट्याने ५ टेकऑफ आणि ५ लँडिंग. वेगळी फ्लाइट टेस्ट नाही. अमेरिकेत उलटं आहे, तिथे तासांचा आकडाच नाही, लेखी परीक्षाही पुन्हा नाही, इन्स्ट्रक्टरने तयार आहेस म्हणून सही दिली की एक्झामिनरसमोर चेकराइड द्यायची. म्हणूनच फ्लोरिडात लोक सुट्टी काढून दोन-तीन दिवसांत रेटिंग घेऊन येतात. विंटर हेवनला जॅक ब्राउन्स म्हणून १९६३ पासूनचा सीप्लेन बेस आहे, तिथे पायपर कब या छोट्या विमानावर शिकवतात, नाव ऐकलं असेल.

घरच्या पीसीवरचे तास यात किती धरतात? शून्य. मान्यता असलेल्या ट्रेनिंग डिव्हाइसवर इन्स्ट्रक्टरबरोबर केलेले काही तास इन्स्ट्रुमेंट रेटिंगसारख्या गोष्टीत चालतात, पण तुमच्या टेबलावरची जॉयस्टिक कुणी विचारात घेत नाही. दोनशे तास लॉगबुकात दिसणार नाहीत, दिसले तर फक्त हातात दिसतील, तेही चांगल्या सवयी लागल्या असतील तर.

आणि दोन दिवसांचं रेटिंग मिळालं म्हणजे विमान भाड्याने मिळेल असं समजू नका. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी इन्शुरन्समुळे नवख्याला एकट्याला फ्लोटप्लेन देतच नाहीत. चौकशी आधी करा, पैसे नंतर भरा.

पायरी २: सिम लावताना

पहिले पैसे रडर पेडल्सवर घाला, रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू, ते पायाने फिरवतात. योक (विमानाचं हँडल) नसला तरी चालेल, साधी जॉयस्टिक बास आहे, पण पायाने रडर मारायची सवय नसेल तर पाण्यावर तुम्ही पांगळे. जॉयस्टिक पिळून रडर फिरवणारे आम्ही सगळे पहिल्या दिवशी खऱ्या पेडल्सवर नुसते पाय ठेवून बसलो होतो.

विमान कुठलं घ्यायचं? मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये आयकॉन ए५ होतंच, आणि २०२२ च्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या आवृत्तीत बीव्हर आणि ग्रमन गूसही आले. त्यातलं आयकॉन आणि गूस हे फ्लोटप्लेन नाहीत, ते पोटावर बसणारे, म्हणजे फ्लाइंग बोट. वागणं वेगळं असतं. बीव्हर घ्या, पण एक लक्षात ठेवा, बीव्हरला ४५० हॉर्सपॉवरचं रेडियल इंजिन आहे आणि तुम्ही शिकणार आहात कबवर नाहीतर सेसना १७२ वर. सिममध्ये जे तळं पुरून उरतं तिथून खरं १७२ दोन माणसं घेऊन उन्हाळ्याच्या दुपारी निघेलच असं नाही. एक्स-प्लेन १२ मध्ये लाटा खरंच उंच-सखल आहेत, ते पाण्यासाठी बरं वाटतं मला, पण हे ज्याच्या त्याच्या मशीनवर.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी. बाहेरचा कॅमेरा बंद, कायमचा. वारा हाताने लावा, ८ ते १० नॉट्स, आणि दर वेळी दिशा बदला, कारण बिनवाऱ्याच्या पाण्यावर काही शिकून होत नाही. आणि पॉज बटण विसरा.

पायरी ३: सिमवर नेमकं काय घोटायचं

सगळ्यात आधी टेकऑफचा चेक, मोठ्याने बोलून. इंग्रजीत त्याला कार्स म्हणतात, चार अक्षरं: कार्ब हीट (कार्ब्युरेटरची गरम हवा) बंद, समोरचा एरिया मोकळा, वॉटर रडर वर, स्टिक पूर्ण मागे. यातलं वॉटर रडर लोक विसरतात. फ्लोटच्या मागच्या टोकाला छोटे पत्रे असतात, ते टॅक्सी करताना, म्हणजे पाण्यावर संथ चालताना, खाली, टेकऑफ-लँडिंगला वर. खाली राहिले तर वेगात विमान भलतीकडे ओढलं जातं नाहीतर ते पत्रेच मोडतात. सिममध्ये काहीच होत नाही, म्हणून आपल्याला वाटतं चालतंय. मी कीबोर्डच्या बाजूला एक जुना नाड्याचा तुकडा खिळ्याला अडकवला होता, वॉटर रडर वर करायचे तर तो खिळ्यावर चढवायचा, कारण खऱ्या विमानातही ती केबल ओढून हुकाला अडकवावी लागते. बायको म्हणाली वेड लागलंय. पण पहिल्या दिवशी ती एक गोष्ट मी विसरलो नाही.

दुसरं, ग्लासी वॉटर. वारा पूर्ण पडला की पाणी आरसा होतं, आणि वरून बघताना पाण्याचा पृष्ठभाग कुठे आहे तेच कळत नाही. तुम्हाला वाटतं अजून तीस फूट आहे आणि तेवढ्यात आदळता, किंवा वाटतं टेकलो आणि तीस फुटांवर फ्लेअर (टेकण्यासाठी नाक उचलणं) करून स्टॉल करता, म्हणजे पंखांचा आधार सुटून पडता. अनुभवी पायलट यात गेलेत. म्हणून इथे फ्लेअर करायचाच नाही. काठाच्या जवळून यायचं, झाडं, दगड, लव्हाळं काहीतरी डोळ्याच्या कोपऱ्यात राहील असं, शेवटची खूण सुटायच्या आत नाक किंचित वर करून धरायचं, पॉवरने मिनिटाला १५० फुटांपेक्षा जास्त उतरणार नाही एवढं खाली येणं ठेवायचं, आणि मग काही करायचं नाही. नुसती वाट बघायची. हीच वाट बघणं जमत नाही माणसाला.

आता हिशेब करा म्हणजे पटेल. मिनिटाला १५० फूट म्हणजे ५० फूट उतरायला २० सेकंद. ६० नॉट्सला २० सेकंदांत तुम्ही सहाशे मीटरच्या वर पुढे जाता. हेच २०० फुटांपासून सुरू केलंत तर ८० सेकंद, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर पाणी संपलं. छोटं तळं असेल तर समोरची झाडं येतील आधी. म्हणून काठावरून जितकं सुरक्षितपणे खाली येता येईल तितकं खाली येऊन मगच हे धरायचं. हा हिशेब, हा क्रम, हात न हलवणं, हे सगळं सिमवर फुकटात शंभर वेळा करता येतं आणि करावं. खोटं फक्त एवढंच की सिममधलं पाणी पूर्ण आरसा होत नाही, कुठेतरी लाट रंगवलेली दिसतेच, त्यामुळे खरी भीती तिथे कळत नाही.

तिसरं, वरून पाणी वाचायचा क्रम. विंडसॉक नसतो तळ्यावर. उतरायच्या आधी एक फेरी मारायची आणि बघायचं: नांगरलेल्या होड्यांची तोंडं कुठे आहेत (ती वाऱ्याकडे असतात), पाण्यावर रेषा कशा पडल्यात, आणि कुठल्या काठालगत गुळगुळीत पट्टा आहे, कारण वारा ज्या काठाकडून येतो तिथलं पाणी आडोशाला शांत असतं. मग अडथळे, वायरी, निघायची वाट. सिममध्ये दृश्य तेवढं बारीक नसतं पण फेरी मारून मनात यादी म्हणायची शिस्त लागते, आणि ती लागली की सुटत नाही.

चौथं, ज्यांना पुढे अँफिबियन, म्हणजे चाकंवालं फ्लोटप्लेन उडवायचंय त्यांच्यासाठी. चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलात तर विमान नाकावर उलटतं, आणि हे होतं तेव्हा पायलटला शंभर टक्के खात्री असते की चाकं वर आहेत. म्हणून प्रत्येक लँडिंगला मोठ्याने, मराठीत बोला हवं तर: "पाण्यावर उतरतोय, चाकं वर आहेत, डावं वर, उजवं वर." धावपट्टीवर उतरताना उलट. शंभरदा बोला. घरचे हसतील, हसू द्या.

पायरी ४: सिम जिथे गंडवतं

इंजिन सुरू केल्या क्षणी फ्लोटप्लेन चालायला लागतं. ब्रेक नाही. तुम्ही रेडिओ लावताय, नकाशा शोधताय, तेवढ्यात विमान निघालं शेजारच्या बोटीकडे. सिममध्ये पॉज दाबलं की विमान शांत उभं असतं, तुम्ही चहा पिऊन आलात तरी तिथेच. म्हणून खऱ्यात सगळं इंजिनच्या आधी उरकायचं: बेल्ट, फ्लॅप, रेडिओ, दोर कोण सोडणार ते.

मग वारा. भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट आठवतोय? फ्लोटप्लेन तेच करतं, शेपूट मागे टाकून वाऱ्याकडे तोंड करतं, तुम्हाला हवं असो वा नसो. वारा थोडा वाढला की साध्या टॅक्सीत त्याला वाऱ्याकडे पाठ करून वळवताच येत नाही. मग पॉवर देऊन नाक वर करून वळवावं लागतं, त्याला प्लाउ म्हणतात, म्हणजे नांगर. आपल्याकडे नांगर शेतातही असतो आणि होडीतही, इथे शेतातला घ्या, शेपूट पाण्यात रुतवून मागे सरी पाडत जाणारा. आणि तेही नाही जमलं तर इंजिन बंद करून मागे मागे वाहत जायचं, त्याला सेलिंग म्हणतात, हलक्या वाऱ्यात शेपूट जिकडे रोखाल तिकडे विमान सरकतं. माझं आजोळ देवबागचं, आजोबांची होडी होती, लहानपणी खाडीत बसलोय त्यात, त्यामुळे सेलिंग मला सिमच्या साडेतीनशे तासांपेक्षा त्या होडीमुळे लवकर कळलं. आमच्या इन्स्ट्रक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ज्यांनी आधी बोट चालवलीये ते नेहमीच एक दिवस पुढे असतात.

टेकऑफ. थ्रॉटल दिलं की आधी नाक वर, पाणी फवारत विमान रांगतं, मग नाक दुसऱ्यांदा उचलतं, त्या वेळी पाण्याचा अडथळा सगळ्यात जास्त असतो. मग स्टिक हलकेच पुढे सोडली की ते उंबरठा ओलांडल्यासारखं वर येऊन पाण्यावर घसरायला लागतं. याला स्टेपवर येणं म्हणतात, फ्लोटच्या तळाला मध्येच पायरीसारखा खाच असतो म्हणून. लहानपणी चपटा दगड मारून पाण्यावर भाकऱ्या काढायचो ना, तसंच. इथे नाकाची एक नेमकी जागा असते, एखाद-दोन अंशांची. नाक जरा वर राहिलं तर वेग वाढत नाही, जरा खाली गेलं तर फ्लोट पुढून पाणी चावायला लागतो आणि विमान डॉल्फिनसारखं वरखाली व्हायला लागतं. ते वाढायला लागलं तर हट्ट करायचा नाही, पॉवर काढायची, स्टिक मागे, थांबायचं, परत करायचं. ही जागा स्क्रीनवर दिसत नाही. ती बुडाखाली कळते, फ्लोटच्या पत्र्यावर पाणी आपटण्याचा आवाज बदलतो त्यावरून कळते. मला चौथ्या टेकऑफला कळली, आणि त्याआधी सिममध्ये मी जे करत होतो ते भलतंच होतं, तिथे मी स्टिक धरून नुसता वेगाचा आकडा बघत होतो.

आरशासारख्या पाण्यावर तर फ्लोट सुटतच नाहीत, चिकटून बसतात, मग एलरॉन (पंखाच्या टोकाकडची झडप) देऊन एक फ्लोट आधी उचलायचा. सिम हे काही प्रमाणात दाखवतं, पण तो सुटतानाचा झटका नाही.

पायरी ५: जायच्या आधी एक वेगळा सिम्युलेटर

हा भाग वगळू नका. २९ नोव्हेंबर २००९ ला इथे सॅटर्ना बेटाजवळ लायल हार्बरमधून निघालेलं एक बीव्हर पाण्यात कोसळलं. आठ जण होते, सहा गेले, त्यात एक तान्हं बाळ. ते बुडून गेले, बाहेर पडता आलं नाही म्हणून. त्यानंतर बरीच वर्षं चर्चा होऊन २०१९ मध्ये कॅनडात नियम आले, की व्यावसायिक फ्लोटप्लेनमध्ये प्रवाशांनी लाइफ जॅकेट अंगावर घालायचं आणि पायलटांनी पाण्याखालून बाहेर पडायचं ट्रेनिंग घ्यायचं.

ते ट्रेनिंग म्हणजे स्विमिंग पूलमध्ये एक पिंजरा, त्यात सीट, बेल्ट, दार. तुम्हाला बांधतात आणि पिंजरा उलटा करतात. नाकातून पाणी सरळ डोक्यात शिरतं, वर-खाली काही कळत नाही, आणि हात सवयीने कारच्या बेल्टचं बटण शोधतो, जे तिथे नसतंच. मी पहिल्या वेळी बेल्ट आधी सोडला आणि तरंगत पिंजऱ्यात फिरत बसलो, डायव्हरने ओढून काढलं. नियम असा: एक हात दाराच्या चौकटीवर किंवा कुठल्याही पक्क्या खुणेवर घट्ट, दुसऱ्याने दार उघडायचं, मग बेल्ट, आणि खुणेवरचा हात न सोडता बाहेर. तिसऱ्या वेळी डोळे बांधून जमलं.

सिम्युलेटर म्हणाल तर हाही सिम्युलेटरच, ना स्क्रीन ना ग्राफिक्स कार्ड, आणि माझ्या मते या सगळ्यात पैसे वसूल करणारा हाच एक. हौशी पायलटला सक्ती नाही. तरी करा.

लाइफ जॅकेट हवा भरायचं घ्या, फोमचं नको. फोमचं उलट्या विमानात तुम्हाला वर ढकलून विमानाच्या तळाला, जो आता वर आलेला असतो, चिकटवून ठेवतं. आणि हवेचं जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत असताना कधीही नाही. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, आपल्यात किती पायलटना पोहता येत नाही हे बघून मला आश्चर्य वाटतं.

पायरी ६: पहिला खरा दिवस

घसरणार नाहीत असे बूट, ओले झाले तरी चालतील असे कपडे, मोबाइल पिशवीत बंद. डॉकवर गेलात की पहिलं काम पंप. फ्लोटच्या आत वेगवेगळे बंद कप्पे असतात, नियमाने किमान चार, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. प्रत्येक कप्प्याला रबरी बॉलचं बूच असतं, ते काढून हातपंपाने पाणी उपसायचं. उपसताना मोजा. माझ्या पहिल्या दिवशी डाव्या फ्लोटचे दोन कप्पे तीन-चार दणक्यांत कोरडे झाले, आणि तिसऱ्यातून बावीस दणके पाणी आलं. मी आपला उपसून मोकळा, पुढच्या कप्प्याकडे निघालो. इन्स्ट्रक्टर सत्तरीचे, त्यांनी थांबवलं, म्हणाले बावीस का, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. खाली वाकून बघितलं तर एक रिव्हेट सैल. त्या दिवशी ते विमान उडलं नाही, दुसरं घेतलं. कुठल्या सिममध्ये आहे हे?

आणि आता माझी आदळाआदळ. दुपारी परत येत होतो, डॉककडे. वारा मागून होता, मी तो बघितलाच नव्हता कारण घरी डॉकिंग कधी केलंच नव्हतं, सिममध्ये विमान पाण्यावर टेकलं की आपण एस्केप दाबतो. मिक्श्चर ओढलं, म्हणजे इंजिन बंद केलं, तेव्हा डॉक दोन विमानांइतका लांब, मला वाटलं भरपूर आहे. प्रॉपेलर थांबला, शांतता झाली, आणि विमान सरकतंय, सरकतंय, वारा मागून ढकलतोय, आणि माझा पाय जमिनीवर ब्रेक शोधतोय जो नाही. फ्लोट डॉकच्या टायरांवर धाडकन बसला, विमान तिरकं झालं, पंख डॉकवरच्या डब्यावरून वीतभर अंतराने गेला. इन्स्ट्रक्टर तोवर दार उघडून फ्लोटवर उभे होते, शांतपणे उतरले, दोर क्लीटला, म्हणजे डॉकवरच्या दोर बांधायच्या खुंट्याला, गुंडाळला आणि मला म्हणाले, "पॉज बटण शोधत होतास का?"

तर डॉकिंगचं सांगतो ते नीट ऐका. शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून या म्हणजे वाराच ब्रेक होतो. इंजिन वाटतं त्यापेक्षा बरंच आधी बंद करा, कमी पडलं तर वल्हं आहे फ्लोटला बांधलेलं, जास्त झालं तर काही नाही. आजोबा काठ यायच्या कितीतरी आधी वल्हं उचलून धरायचे आणि होडी आपली आपण येऊन लागायची, अगदी तेच. विमान आणि डॉकच्या मध्ये पाय घालून थांबवायला जाऊ नका, पाय मोडेल. आणि उतरल्यावर पुढे, प्रॉपेलरच्या बाजूला, कधीही जायचं नाही, थांबलेला असला तरी. पाहुणे आले असतील तर त्यांना आधी सांगा, उतरले की लोक फोटोसाठी बरोब्बर पुढे जातात.

पायरी ७: कशानंतर काय

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. सिम खऱ्या उड्डाणाच्या आधी जेवढं कामाचं, त्यापेक्षा नंतर जास्त कामाचं. आधी दहा-पंधरा तास पुरे, तेही वर सांगितलेल्या चार गोष्टींचे. बाकीचे एकशेपंच्याऐंशी तास तुम्ही चुकाच पक्क्या करत असता. पहिला खरा धडा झाला की त्या रात्री सिमवर बसा आणि तो दिवस पुन्हा उडवा, कारण आता तुम्हाला माहितीये की या जागी नाक कुठे असायला हवं होतं, डॉक किती लवकर येतो. आता स्क्रीन खोटं बोलली तर तुम्हाला ओळखू येतं. खऱ्या तासाला डॉलर जातात, सिमच्या तासाला वीजबिल, म्हणून खऱ्या तासात हवेत गिरट्या घालत बसू नका, इन्स्ट्रक्टरला सरळ सांगा की मला डॉकिंग, सेलिंग आणि ग्लासी वॉटर हवंय. आणि वारा आहे त्या दिवशीचा धडा शक्यतो रद्द करू नका, इन्स्ट्रक्टर तयार असेल तर जाच.

ट्विन ऑटर या दोन इंजिनांच्या मोठ्या विमानासाठी हलणारे, मान्यताप्राप्त फुल फ्लाइट सिम्युलेटर आहेत, तिथे इंजिन फेल वगैरे जे खऱ्यात करणं धोक्याचं ते शिकवतात. ते वेगळं जग आहे. तरी मालदीवमध्ये अनवाणी बसून ट्विन ऑटर चालवणारे पायलट लाकडी प्लॅटफॉर्मला ते लावायला शिकतात ते शेवटी तिथल्याच पाण्यावर, वर्षानुवर्षं.

भाच्याचा पुढचा प्रश्न होता, आपल्याकडे का नको? आपल्याकडे प्रयत्न बरेच झाले. २०१० च्या अखेरीस अंदमानात जलहंस ही सीप्लेन सेवा, २०१४ मध्ये जुहूहून धरणांच्या पाण्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर सगळ्या मुंबईने बघितलेली चाचणी, ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया, तेही विमान मालदीवहूनच आणलेलं, आणि काही महिन्यांत थांबलं. सुरू होतं, फोटो निघतात, बंद पडतं. रोज उठून शिकवणारी फ्लोट स्कूल पाण्यावर रोज विमानं असतील तिथेच उभी राहते, म्हणून सध्या तरी कॅनडा, फ्लोरिडा, अलास्का असंच फिरावं लागतं. कोकणच्या उघड्या समुद्रावर उतरायची स्वप्नं बघू नका, छोट्या फ्लोटप्लेनला फूटभर लाट म्हणजे सुद्धा खूप झालं. पवना, कोयना असं धरणाचं पाणी शोभेल त्याला.

जाता जाता घरी करायचा एक सराव, सिमपेक्षा स्वस्त. हार्डवेअरच्या दुकानातून दोन-तीन मीटर दोर आणा आणि क्लीटची गाठ शिका: आधी बुडाभोवती पूर्ण वेढा, मग इंग्रजी आठाचा आकडा, शेवटचा फास उलटा घालून ओढायचा. डोळे मिटून, एका हाताने, दहा सेकंदांत यायला हवी, कारण दुसऱ्या हाताने तुम्ही विमानाचा स्ट्रट (पंखाचा तिरका दांडा) धरलेला असणार. भाच्याने ऐकलं बरं का. क्लीट मिळाला नाही म्हणून पलंगाच्या पायाला दोर बांधून सराव चाललाय, परवा रात्री ताई त्यात पाय अडकून पडता पडता वाचली आणि मग मला फोन करून अर्धा तास झापलं.